सूत

लेथवर मी सुतात मोजतो.
अर्धं सूत इकडेतिकडे झालं की माल भंगारात.
नासर्डीकाठी मात्र पहिल्या वर्षी
आम्ही हातभर चुकलो,
आणि कुणी जाब विचारला नाही.

तेव्हा उंटवाडीच्या पुलाजवळ मंडप होता,
गुलाबी फेटे, कात्री ठेवलेलं ताट,
तीनशे गुलमोहर एका ओळीत,
कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
ऑगस्टात अंजनेरीकडे काळं झालं.
सकाळी उरल्या बांबूच्या जाळ्या,
एकीवर कुणाची तरी चड्डी.

दुसऱ्या वर्षी मंडप नव्हता.
हरसूलच्या एसटीतून जनाबाई भोये उतरली,
काखेत ओल्या गोणपाटाचं बोचकं.
काठावर चपला काढल्या
आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली बराच वेळ,
ज्या पाण्यात आम्ही कधी बोट बुडवलं नव्हतं.
मग म्हणाली,
"इथं उभं राहणारं झाड कशाला लावता?
निजणारं लावा."

बोचक्यातून निघाल्या नुसत्या काटक्या.
वाळुंज. शेरणी.
"शेरणी म्हणजे वाघीण का?"
पालिकेच्या शाळेतली आयेशा.
"वाघीणच. नखं दगडात रोवून बसते."

मुनीर पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या
जुड्या बांधायला.
उद्यान खात्यातल्या देवरेंनी फायलीत
'शोभिवंत' खोडून 'स्थानिक' लिहिलं;
त्या एका शब्दाला सात महिने लागले.
रविवारी आम्ही घाणेरी उपटली, हात सोलून घेतले,
उताराला वाळा, वर करंज, त्याच्याही वर उंबर,
जनाबाई बोटाने दाखवेल तिथे.
टँकर आमच्या मालकाने दिला.
का दिला, मी विचारलं नाही.
शेडच्या मागच्या पाइपातून रात्री काय वाहतं
ते मला ठाऊक आहे,
आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे.
टँकर आला, मी नळी धरली.
एवढंच.

यंदा पूर आला तेव्हा मी सेकंड शिफ्टला.
वर पत्रा बडवला जात होता,
चकमध्ये पीस फिरत होता,
आणि पहिल्यांदाच हातून दोन नग गेले.

सकाळी काठावर सगळं आडवं.
शेरणीवर गाळ, पिशव्या, निर्माल्याचे हार,
एक अख्खी गादी.
आयेशा रडली नाही. मी जवळजवळ.
जनाबाईला फोन लावला.
पलीकडे आधी कोंबड्या, मग ती:
"निजलीय. हात लावू नका.
गादी तेवढी काढा."

गादीला सहा जण लागले.

चौथ्या दिवशी एक फांदी
आजारी माणूस कोपरावर टेकून उठतो तशी
उठू लागली, थोडी, मग थांबली.
खाली हात घालून पाहिलं:
मुळांच्या जाळ्यात माती होती,
गेल्या वर्षीचीच, जागच्या जागी.
पलीकडे सिमेंटच्या भिंतीखालून मात्र
बैलगाडीएवढा लचका गेला होता.

पाण्याला वास आहे अजून.
पाइपही आहे.
परवा चहाच्या सुट्टीत मालकाला म्हणालो,
"साहेब, मागच्या पाइपाचं काय ते बघू या का?"
तो कपात बघत राहिला.
हो म्हणाला नाही.
नाहीही म्हणाला नाही.
मुनीर म्हणतो, सूत जमायला वेळ लागतो.
मुनीरला काय जातंय म्हणायला.

आज दगडावर एक परीट पक्षी होता,
शेपटी वर-खाली, वर-खाली,
धुण्यासारखं काही नसताना.
मी खिशातून पट्टी काढली.
गाळातून वर आलेला तांबूस कोंब:
तीन सूत.
पुन्हा मोजला. साडेतीन.
अर्ध्या सुताची चूक.
राहू दिली.